सरवा वेचणाऱ्या तिघी आणि आमचा नकाशा



चित्रकला म्हटली की आमच्या वर्गात आजवर तीन गोष्टी ठरलेल्या असत. डोंगरामागून उगवणारा सूर्य, कौलारू घर आणि त्या घराकडे जाणारी वाट. यंदा मात्र दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, शेवटच्या दोन तासिकांना आम्ही दुसऱ्यांनी काढलेली चित्रे वाचावयास शिकलो. चित्र पाहणे वेगळे आणि वाचणे वेगळे, असे गुरुजी म्हणतात. ही चित्रे युरोप खंडातील मोठमोठ्या चित्रकारांची आहेत आणि ती समजून घेण्यासाठी आम्ही नकाशाचा उपयोग केला.

नकाशा म्हणजे खिळ्याला टांगतो तो नव्हे. गुरुजी आपला मोबाईल वर्गातल्या टीव्हीला जोडतात आणि त्यावर गुगल अर्थ उघडतात. उपग्रहांनी व विमानांनी टिपलेले फोटो एकमेकांस जोडून पृथ्वीचा गोल तयार केलेला असतो. तो बोटाने फिरवायचा आणि हवे तेथे उतरायचे. काही गावांत तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून चारी बाजूंना मान वळवावी तसे पाहता येते. वीज गेली की आमची सहल थांबते आणि रेंज गेली की आम्ही सगळे अरबी समुद्रावर तरंगत राहतो!

पालकसभेत एका काकांनी विचारले होते, "पोरं टीव्हीत काय पाहून राहिले गुरुजी? परदेशातल्या चित्रांचा वावरात काय उपेग?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या परीने द्यावे म्हणून हा लेख लिहिते.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला सांगितले.

१. चित्रकार कोठे उभा आहे?
२. उजेड कोठून येतो?
३. चित्रात कोण आहे व काय करीत आहे?
४. नकाशात आहे पण चित्रात नाही, किंवा चित्रात आहे पण नकाशात नाही, असे काय?

चौथा प्रश्न तेव्हा मला कळला नव्हता. पण सगळी गंमत त्यातच होती.

पहिली सहल घरचीच होती. गुरुजी म्हणाले, दूर जाण्याआधी आपल्या दारातली वस्तू वरून कशी दिसते ते पाहा. आम्ही लोणारला उतरलो. आपल्या जिल्ह्यातले हे सरोवर उल्कापाताने काळ्या पाषाणात झालेले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. वर्गातल्या पुष्कळ मुलांनी ते काठावरून पाहिले आहे. काठावरून ते खोल वाडग्यासारखे वाटते, उतरताना पाय कापतात. नकाशात मात्र ते सपाट दिसले, जणू कोणी हिरव्या कापडावर ताटली ठेवली आहे. खोली नाही, पाण्याचा वास नाही, मोरांचा आवाज नाही. वस्तू तीच, पण उभे राहण्याची जागा बदलली की दुसरीच दिसते. हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले.

मग गुरुजींनी विचारले, "पाण्याचा रंग कोणता?" आम्ही म्हणालो, हिरवट. ते म्हणाले, "आणि जून २०२० मध्ये?" त्या वर्षी पाणी गुलाबी झाले होते, हे आम्हांला घरी ऐकून माहीत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले होते, की फार खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला. म्हणजे फोटोलाही तारीख असते. नकाशा खोटे बोलत नाही, पण तो एका दिवसाचेच सांगतो. ही गोष्ट लक्षात ठेवून आम्ही पुढे निघालो.

लोणारहून गोल फिरवला आणि सुमारे सात हजार किलोमीटर वायव्येकडे गेलो. हॉलंड म्हणजेच नेदरलँड्स या देशात डेल्फ्ट नावाचे शहर आहे. तेथे योहानेस व्हर्मीर नावाचा चित्रकार राहत होता. जन्म १६३२, मृत्यू १६७५. म्हणजे शिवाजी महाराजांचा समकालीन. त्याने आपल्या शहराचे चित्र १६६० ते १६६१ च्या सुमारास काढले. १६६० साल म्हटले की आपल्याला पन्हाळ्याचा वेढा आठवतो. आपल्या सिंदखेड राजाच्या जिजाऊ तेव्हा हयात होत्या. याच डच लोकांची कोकणात वेंगुर्ल्याला वखार होती. असे सांगितल्यावर ते चित्र एकदम ओळखीचे वाटू लागले.

चित्रात अर्ध्याहून जास्त आभाळच आहे. वर काळा ढग, खाली शांत पाणी, मध्ये विटांच्या भिंती, वेशी आणि छपरे. पुढची घरे सावलीत आहेत आणि मागच्या घरांवर व चर्चच्या मनोऱ्यावर ऊन पडले आहे. पाऊस नुकताच येऊन गेला असावा असे आम्हांला वाटले. नकाशात आम्ही पाण्याच्या अलीकडच्या काठावर उतरलो, कारण चित्रकार तेथूनच पाहत होता. मनोरा सापडला. पण पाण्याकाठच्या त्या दोन वेशी कोठेच नव्हत्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग चित्र खोटं हाये का गुरुजी?" गुरुजी हसले. त्या वेशी एकोणिसाव्या शतकात पाडून टाकल्या. चित्र खोटे नव्हते, शहर बदलले होते. नकाशात नसलेली वेस चित्राने जपून ठेवली. मूळ चित्र आज हेग शहरातील मॉरित्सहाउस या संग्रहालयात आहे.

दुसऱ्या शनिवारी आम्ही फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल या गावी गेलो. तेथे व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने सप्टेंबर १८८८ मध्ये रात्रीच्या वेळी चौकातल्या एका कॅफेचे चित्र काढले. कॅफे म्हणजे आपल्या स्टँडवरच्या हॉटेलासारखेच, बाहेर टेबले मांडलेली. वर निळे आभाळ, त्यात टपोऱ्या चांदण्या आणि कॅफेची भिंत हळदीसारखी पिवळीधमक. गंमत अशी, की रात्रीचे चित्र असून त्याने काळा रंग वापरला नाही. तसे त्याने बहिणीला पत्रात कळवलेही होते. "आमची रात्र तर काळीच असते," असे एक मुलगा म्हणाला. मग गुरुजींनी गृहपाठ दिला, रात्री अंगणात उभे राहून आभाळाचा रंग पाहून या. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाने निळा लिहिला होता.

नकाशात तो चौक सापडला. कॅफेची भिंतही पिवळी! आम्ही ओरडलो, चित्र अगदी बरोबर आहे. तेव्हा गुरुजींनी सांगितले, की व्हॅन गॉगच्या वेळी ती भिंत पिवळी नव्हती. गॅसबत्तीच्या उजेडात ती त्याला तशी दिसली. चित्र जगप्रसिद्ध झाल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, भिंतीला चित्रासारखा रंग दिला गेला. म्हणजे आम्ही नकाशावरून चित्र तपासत होतो आणि त्या भिंतीने चित्राचीच नक्कल केलेली होती! तेव्हापासून आमच्या वर्गात कोणी "टीव्हीत दिसलं म्हणजे खरं" असे म्हटले की बाकीचे म्हणतात, "भिंत पिवळी!"

या व्हॅन गॉगचा एक गुरू होता. त्याचे नाव झाँ फ्रान्स्वा मिले. दोघांची भेट कधीच झाली नाही. मिले १८७५ मध्ये वारला. व्हॅन गॉग त्याच्या चित्रांवरून शिकला, जसा एकलव्य द्रोणाचार्यांच्या मूर्तीपुढे शिकला. मिलेने १८५० मध्ये पेरणाऱ्या माणसाचे चित्र काढले होते. व्हॅन गॉगने तोच विषय पुन्हा पुन्हा काढला. त्यातला माणूस पिशवीतले बी मुठीने फोकून पेरतो आहे. आमच्यात यावर मोठा वाद झाला. मुले म्हणाली, "असं फोकलं तर बी वाया जाते. तिफन काहून नाही?" एकाने चाड्यावर मूठ कशी धरतात ते उठून करून दाखवले. एरवी तो मुलगा वर्गात फारसा बोलत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

तिसऱ्या चित्राचे नाव गुरुजींनी सांगितलेच नाही. नुसते चित्र टीव्हीवर लावले. त्यात तीन बाया शेतात आहेत. एकीच्या डोक्याला निळे फडके, दुसरीच्या लाल, तिसरीचे पिवळसर. दोघी कमरेत वाकलेल्या, तिसरी अर्धवट वाकलेली. दूरवर धान्याच्या मोठमोठ्या गंजी, भरलेली गाडी, पुष्कळ मजूर आणि उजव्या हाताला घोड्यावर बसलेला एक माणूस. कोणी म्हणाले निंदण चालले आहे, कोणी म्हणाले वेचणी. गुरुजी हो की नाही काहीच बोलले नाहीत. त्यांनी ते चित्र सगळ्यांच्या घरच्या मोबाईलवर पाठवले आणि सांगितले, "घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा. आपण काही सांगू नका. ते काय म्हणतात ते लिहून आणा."

माझी आजी शाळेत गेलेली नाही. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि लगेच म्हणाली, "ह्या सरवा वेचून राहिल्या."

मी विचारले, "कशावरून गं आजी?"

"पाह्य ना. वावर तर सारं मोकळं झालं. माल तिकडं गंजीत गेला. मालकाच्या बाया असत्या तर गंजीपाशी असत्या. ह्या इकडं एकल्या हायेत. अन् ओटी पाह्य, किती लहान. दिसभर वेचलं तरी पायलीभर भरत नाही."

मग ती पहिल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "हिनं एक हात पाठीवर नेला. मुठीत कणसं हायेत तरी. कंबर मोडते तवा हात आपोआप मागं जाते."

मी विचारले, "तिसरी बाई वाकते आहे की उठते आहे?" यावर आमच्या वर्गात भांडण झाले होते. आजी म्हणाली, "दोनी नाही. वेचणारी बाई पुरी उभी होतच नाही. पुरं उभं राह्यलं की परत वाकाले जिवावर येते."

शेवटी मी म्हटले, "आजी, यांची तोंडे नीट दिसत नाहीत." ती म्हणाली, "वेचणाऱ्या बाईचं तोंड कोण पाह्यते?" आणि मोबाईल माझ्या हातात देऊन भाकरी थापायला बसली.

शनिवारी सगळ्यांनी आपापली पाने वाचली. एकाचे वडील सालदार आहेत. त्यांनी सर्वांत आधी घोड्यावरचा माणूस पाहिला आणि म्हटले, हा मुकादम, याचे लक्ष बायांवर आहे. एकीच्या आईने कपडे पाहिले आणि म्हटले, कपडे साधे आहेत पण फाटके नाहीत, बाया नेटक्या आहेत. ज्याच्या त्याच्या नजरेला जे रोज दिसते तेच आधी दिसले. गुरुजी म्हणाले, मोठमोठ्या ग्रंथांत या चित्राविषयी जे लिहिले आहे, त्यातले पुष्कळ तुमच्या घरच्या माणसांनी न वाचता सांगितले.

मग त्यांनी माहिती दिली. हे चित्र मिलेने १८५७ मध्ये काढले. आपल्याकडे ते स्वातंत्र्ययुद्धाचे वर्ष. मिले स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता आणि पॅरिसजवळच्या बार्बिझाँ या खेड्यात राहत होता. फ्रान्समध्ये कापणीनंतर पडलेली कणसे वेचण्याची मुभा गरिबांना फार जुन्या काळापासून होती. पॅरिसच्या प्रदर्शनात चित्र मांडले तेव्हा पुष्कळ मोठ्या लोकांना ते रुचले नाही. राजेराण्या आणि देवदेवता यांच्या जागी गरीब बाया एवढ्या मोठ्या काढलेल्या पाहून त्यांना कसेसेच झाले. मिलेला चित्राचे ३,००० फ्रँक मिळाले. तो वारल्यावर, १८८९ मध्ये, तेच चित्र ३,००,००० फ्रँकना विकले गेले. आज ते पॅरिसमध्ये ओर्से संग्रहालयात आहे. ही इमारत पूर्वी रेल्वे स्टेशन होती, हे ऐकून आम्हांला फार मौज वाटली.

"अन् त्या तिघींना किती भेटले?" वर्गातल्या एका मुलीने विचारले. गुरुजींनी उत्तर दिले नाही. तो प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहून ठेवला.

थोड्या वेळाने तीच मुलगी उठली आणि म्हणाली, "माझी माय सोयाबीनचा सरवा वेचते. सुट्टीच्या दिवशी मी पण जाते." वर्षभरात हे तिने कोणाला सांगितले नव्हते. कोणी हसले नाही. मग आणखी दोघांनी हात वर केला. गुरुजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'सरवा' असा शब्द लिहिला आणि म्हणाले, या चित्राचे आपल्या वर्गातले नाव हेच.

यानंतर आम्ही नकाशात बार्बिझाँला उतरलो. गाव लहान आहे. एका बाजूला दाट जंगल आणि दुसऱ्या बाजूला सपाट वावरे, आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. बांध दिसतच नाहीत म्हणा ना. आम्ही रस्त्यावरून डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. वावर होते, पण बाया नव्हत्या. गंजी नव्हत्या, घोडाही नव्हता.

मग गुरुजींनी गोल फिरवला आणि आमच्या गावावर आणला. शाळेचे पत्रे दिसले. मारुतीचे देऊळ दिसले, विहीर दिसली. प्रत्येकाने आपापले वावर शोधले. आमचेही सापडले. ज्या वावरात आजीची साठ वर्षे गेली ते सारे वावर माझ्या बोटाच्या एका पेराखाली मावले. तिने लावलेला लिंब एक हिरवा ठिपका होता. आजी कोठेच नव्हती. तेथे कोणीच नव्हते.

तेव्हा मला चौथा प्रश्न कळला. नकाशा वावर दाखवतो, त्याचा गट आणि रस्ता दाखवतो. वावरात कोण वाकले होते हे नकाशा सांगत नाही. ते कोणीतरी थांबून, पाहून काढावे लागते. मिले थांबला, म्हणून त्या तिघी दीडशेहून अधिक वर्षे राहिल्या. नाहीतर त्याही गेल्याच असत्या.

या लेखाच्या खाली जी चित्रे लावली आहेत ती आमच्या वर्गाने त्यानंतर काढली. 'आपल्या गावातले, पण नकाशात नसलेले' असा विषय होता. कापूस वेचणारी आई आहे, रात्री मोटर चालू करायला निघालेले बाबा आहेत, दळणाचा डबा डोक्यावर घेतलेली बहीण आहे. सूर्य, डोंगर आणि कौलारू घर यांपैकी काहीच या वेळी कोणी काढले नाही. पालकांनी आपले चित्र ओळखून पाहावे.

आता एक शेवटची गोष्ट. मी गुरुजींना विचारले, "आपण त्यांची चित्रे पाहतो, तसे त्यांनी कधी आपली पाहिली का?" त्यांनी नकाशा आपल्या डोंगररांगेवरून पश्चिमेला सरकवला. ज्या अजिंठ्याच्या डोंगरावर बुलढाणा वसले आहे, त्याच डोंगरात, शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या ती नजरेस पडली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला तेथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम दिले गेले. त्याने कितीतरी वर्षे तेथे राहून ती रंगवली आणि लंडनला पाठवली. १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. ही कलाशाळा सुरू झाली तेही १८५७ मध्येच, मिलेच्या चित्राच्या वर्षी.

प्रतिकृती दोनदा जळाल्या, पण मूळ भिंती आपल्याजवळच आहेत. हॉलंडच्या वेशीपाशी आम्ही नकाशातून जाऊन आलो, पण अजिंठा आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्यांत मुली अधिक आहेत. यंदाची सहल तेथे नेण्याचे गुरुजींच्या मनात आहे. पालकांना माझी नम्र विनंती आहे, की वेचणीचे दिवस असले तरी मुलींनाही एक दिवस सोडावे. आम्ही चारही प्रश्न वहीत घेऊन जाणार आहोत. चित्रकार कोठे उभा होता, उजेड कोठून येत होता, कोण काय करीत आहे, सगळे पाहून येऊ आणि घरी येऊन सांगू.

माझ्या आजीने आताच विचारले आहे, "त्या डोंगरातल्या चित्रात कामकरी बाया हायेत का गं?" ते मला पाहून यायचे आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी